नानीबाईच्या नावापुढं

सुकेशनीला कोणतीही गोष्ट माणसाशिवाय लक्षात राहत नसे. हा गुण म्हणा की खोड, ती तिला आत्यानं लावली होती.

आत्या म्हणजे नानीबाई, तिच्या बापाची मोठी बहीण. आसेगावपासून पाऊण तासाच्या वाटेवर त्यांचा तांडा, पन्नासेक घरांचा. दसरा उलटला की निम्मा तांडा ट्रकमध्ये चढून ऊसतोडीला जाई, तो उन्हाळा लागल्यावरच परते. सुकेशनीचा बाप रूपला आणि माय संगीता दरवर्षी त्या ट्रकमध्ये असत. पोरगी मागं राही ती नानीबाईजवळ. नानीबाईनंही एकेकाळी नवऱ्याच्या जोडीनं पंचवीस वर्षं ऊस तोडला होता. मग एकदा डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवरून चढताना ती पडली, खुबा कायमचा दुखावला, आणि पुढच्याच साली नवरा गेला. ती माहेरी आली आणि भावाची पोर वाढवू लागली. स्वतःचं लेकरू तिला नव्हतं.

या बाईला सन कळत नव्हता की तारीख. तिचं सगळं कॅलेंडर माणसांचं. ‘धनराजची जीप तांड्यात आली थे साल’, ‘बादल शाळेतून पयाला थे साल’. शाळेतली पोरगी पाढा अडला म्हणून रडायला लागली की ती म्हणे, “रडून काय राह्यली व? एकेक घरात ठेवून दे एकेक आकडा, अन् मंग दारादारातून फिर.” आणि खरंच सांगतो, सुकेशनी सातचा पाढा तसाच शिकली. धनीबाईच्या दारात चौदा, लखीरामच्या दारात एकवीस. पुढं दहावीत हृदयाचे चार कप्पे आले, तर तिनं तांड्याचा प्रमुख असलेल्या गोविंदसिंग नायकाचं चार खोल्यांचं घर घेतलं, कोणत्या दारानं कोण आत शिरतं आणि कोणत्या दारानं बाहेर पडतं ते ठरवलं, आणि विज्ञानात वर्गात पहिली आली. मास्तर चकित झाले. नानीबाईला मात्र त्यात नवल वाटलं नाही.

घरात बंजाऱ्यांची गोरमाटी, शाळेत मराठी, फोनवर हिंदी, एवढ्या भाषा तिच्या अंगवळणी पडल्या होत्या. चौथी आली इंग्रजी, आणि ती काही केल्या घरात शिरेना. बीए झाल्यावर सुकेशनी केंद्र सरकारच्या क्लार्कच्या परीक्षेला बसायला लागली. मंगरूळपीरच्या अभ्यासिकेत सकाळच्या बसनं जायचं, संध्याकाळच्या जीपनं यायचं. गणित जमलं, सामान्य ज्ञान जमलं, इंग्रजीचं व्याकरणही रेटून रेटून जमलं. गाडी अडली वाक्प्रचारांपाशी. गाइडात सातशे होते. शब्द सगळे ओळखीचे आणि अर्थ भलताच! आता बोला, जिनं कोळशाची खाण जन्मात पाहिली नाही, तिनं न्यूकॅसलला कोळसा नेण्याचा अर्थ कसा ध्यानात ठेवायचा? मागच्या वेळी ती चार मार्कांनी हुकली, आणि वाक्प्रचारांच्या पाचही प्रश्नांत तिला शून्य होतं.

तेव्हा तिनं आत्याचीच युक्ती काढली. शंभर पानी वही घेतली, डावीकडे इंग्रजी, मधे मराठी अर्थ, आणि उजवीकडे तांड्यातल्या माणसाचं नाव.

टू कॅरी कोल्स टू न्यूकॅसल. जिथं जी वस्तू मुबलक, तिथं तीच नेणं. नाव, लखीराम. लखीराम पोरासाठी मुलगी पाहायला संत्र्याची बाग असलेल्या घरी गेला होता, आणि भेट म्हणून काय नेलं, तर पिशवीभर संत्री. व्हाइट एलिफंट, पोसायला जड आणि कामाला शून्य अशी वस्तू. नाव, धनराज, कारण त्याची जीप चार वर्षं लिंबाखाली उभी होती आणि तिच्या सीटवर कोंबड्या अंडी देत होत्या. क्रोकोडाइल टिअर्स, खोटे अश्रू. धनीबाई. ती कुणाच्याही मयतीला घरच्यांपेक्षा जोरात रडे. टू ब्लो वन्स ओन ट्रम्पेट, स्वतःची फुशारकी मारणं. तिथं दुसरं कोण येणार? गोविंदसिंग नायक, ज्यानं तांड्यात हातपंप कसा आणला ते सांगितल्याशिवाय एकही बैठक उठू दिली नव्हती. ब्लॅक शीप, घराण्याला काळिमा. बादल. धनीबाईचा पोरगा, शाळा सोडून पळालेला, दारू पिऊन पडणारा.

एका वर्षात चारशे वाक्प्रचार तोंडपाठ झाले. तांड्यातून चालत निघाली की इंग्रजी दोन्ही बाजूंनी रामराम घाली.

एक नाव मात्र तिनं वेगळ्या परीनं लिहिलं. गेल्या पावसाळ्यात नानीबाईला तापानं धरलं, वाशीमच्या सरकारी दवाखान्यात नऊ दिवस ठेवली. सुकेशनी उशाशी गाइड घेऊन बसे. एका दुपारी यादीत आलं, वन फूट इन द ग्रेव्ह. एक पाय मसणात असणं, मरणाच्या दारात असणं. तिनं डोळे वर केले. समोर आत्या, गाल आत गेलेले, तोंड उघडं. हातानं नाव लिहून टाकलं, मनाला विचारलंच नाही. लिहिल्यावर तिला स्वतःचीच किळस आली. खोडावं म्हणून पेन टेकवलाही, आणि मग वाटलं, खोडलं तर हा वाक्प्रचार विसरेल. ठेवलं तसंच. आत्या बरी होऊन घरी आली, चुलीपुढं बसली, शिव्याही द्यायला लागली. वहीतलं नाव जागच्या जागी राहिलं.

यंदा सगळंच एकदम अंगावर आलं. वयाच्या अटीत बसणारी ही शेवटची परीक्षा, ती डिसेंबरात. आणि दिवाळीच्या तोंडावर संगीताची कंबर धरली, अशी की वाकता येईना. ऊसतोडीत जोडीला एक कोयता म्हणतात, एकट्याला अर्धा, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत कुणी घेत नाही. रूपलानं दोन दिवस दुसरा जोडीदार शोधून पाहिला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, “सुकेशनी, औंदा तुले यावं लागते माह्यासंगं.”

“बा, परीक्षा हाय माही. आखरी हाय.”

“दर साली आखरीच असते तुही,” तो म्हणाला, पण नजर वळवून. तिला नेणं त्याच्याही जिवावर आलं होतं.

नानीबाईनं तेवढ्यात तोंड घातलं, “चार दिस थांब. काहीतरी निंगन.” रूपला मोठ्या बहिणीचा शब्द मोडत नसे, म्हणून गोष्ट चार दिवस टांगून राहिली.

आणि त्या चार दिवसांतच वैष्णवीनं घात केला. वैष्णवी ही आसेगावची, शेतकऱ्याची पोर, अभ्यासिकेतली सुकेशनीची एकुलती एक मैत्रीण. मनानं वाईट नव्हती हो, हेच तर वाईट! तिनं वही वाचायला मागितली, चार पानांचे फोटो काढले आणि ‘आमच्या सुकेशनीची ट्रिक पाहा’ असं लिहून अभ्यासाच्या ग्रुपवर टाकले. शंभरजणांनी पसंतीचे अंगठे टाकले. तिथून ते फोटो मंगरूळपीरला, तिथून कुठं कुठं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तांड्यातल्या प्रत्येक फोनवर. इंग्रजी कुणाला वाचता येत नव्हतं, पण अर्थ मराठीत होता आणि नावं तर स्वच्छ अक्षरात.

“लोकांले फायदा होईन म्हनून टाकलं वो मी,” वैष्णवी फोनवर रडत म्हणाली.

“माह्या लोकांचं काय?” सुकेशनीनं विचारलं आणि फोन आपटला.

संध्याकाळी जीपमधून उतरली तर धनीबाई दारात उभी. नेहमी हाक मारणारी बाई, त्या दिवशी थुंकून आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी नसाब बसणार असल्याचा निरोप आला. नसाब म्हणजे तांड्याची बैठक, नायक सांगेल तो निवाडा.

घरी नानीबाई भाकरी थापत होती. तिच्या कानावर सगळं आलंच होतं. पण तिच्या डोक्यात भलताच प्रश्न. “अख्ख्या तांड्याचं नाव लिवलं म्हनते. मंग माहं?”

“आत्या, जाऊ दे न थे.”

“जाऊ कायले दे? मी काय तांड्यातली नाही का?” तिनं पिठाचे हात लुगड्याला पुसले. “आन थे वही. ठेव बोट माह्या नावावर.”

त्या चार पानांत तिचं नाव नव्हतं, ते पुढच्या पानावर होतं. सुकेशनीनं पान उघडलं आणि बोट ठेवलं. नानीबाई वाकून त्या अक्षरांकडे कौतुकानं पाहत राहिली, जसं काही आपला फोटोच छापून आलाय.

“वाच.”

“वन फूट इन द ग्रेव्ह,” सुकेशनी म्हणाली. इंग्रजी खरं वाचलं. तिथवर तिनं खोटं काही केलं नाही.

“म्हंजे?”

चुलीतलं लाकूड बाहेर आलं होतं, ते सुकेशनीनं आत सारलं. वेळ काढला. “म्हंजे... गळ्यातला ताईत. सगळ्यायहून जीवाचं मानूस.”

गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला नानीबाईनं हात लावला. मग म्हणाली, “अजून एकदा म्हन.” सुकेशनीनं म्हटलं. भाकरी करपेपर्यंत आत्या ते इंग्रजी शब्द तोंडात घोळवत होती. अशी खुशीत तिला सुकेशनीनं कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

नसाब सेवालालच्या मंदिरापुढं बसली. सुकेशनीला वही घेऊन मधे उभं केलं. ज्याचं त्याचं नाव आलं की तिनं वाचायचं, अर्थ सांगायचा. लखीराम स्वतःचं ऐकून खो खो हसला, म्हणाला, “खरं हाय बाप्पा, नेलेच होते म्या संत्रे!” बाकी कुणी हसलं नाही. धनराज मान खाली घालून बसला. गोविंदसिंग नायकानं आपला अर्थ ऐकला, मिशीवरून हात फिरवला आणि त्या बैठकीत हातपंपाचं नावही काढलं नाही. सुकेशनीला त्याचीही कीव आली.

बादल मागं उभा होता. त्याचं नाव आलं तसा पुढं आला. अंगात धुतलेला सदरा, दाढी केलेली. “कोनत्या साली लिवलं व हे?”

“वर्स झालं.”

“मी दारू सोडली त्याले आठ महिने झाले,” तो म्हणाला. आवाज चढवला नाही त्यानं. “थे पन दिसलंच असन तुले. दिसलं का नाही?”

“दिसलं.”

“मंग थे कायले नाही लिवलं?”

काय सांगणार ती? की एकदा माणसाला वहीत बसवलं की मग तो उठून गेला तरी आपल्याला तिथंच लागतो? तिला रडू आलं, ते तिनं गिळलं, कारण पलीकडे धनीबाई बसली होती आणि आज ती मुळीच रडत नव्हती. पोराकडे बघत होती.

नायकानं निवाडा दिला. “पोरगी तांड्याच्या नावावर शिकली, अन् तांड्यालेच गावभर हसवलं. ज्यानं त्यानं आपलं नाव आपल्या हातानं खोडावं.” वही सुकेशनीच्याच हातात, ती ज्याचं त्याचं पान उघडून धरी, आणि निळा पेन हातोहात फिरला. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांनी आडव्या रेघा मारल्या. बादलनं तर कागद फाटेस्तोवर खोडलं.

रूपला उठला. आयुष्यात पहिल्यांदा त्याला नसाबीत मान खाली घालून उभं राहावं लागलं होतं. “नायक, झालं थे झालं. पोरीले घेऊन जातो मी तोडीले. परीक्षा-बिरीक्षा बास झाली.”

आणि तेव्हा नानीबाई खुब्यावर हात ठेवून उभी राहिली. “माहं नाव राह्यलं खोडाचं,” ती म्हणाली. “अन् थे मी खोडू देनार नाही. तुमाले तुमचं झोंबलं, मी ना नाही म्हनत. पोरगी चुकली. पन माह्या नावाफुडं तिनं काय लिवलं मालूम हाय का? गळ्यातला ताईत! मी अडानी बाई, ना लेकरू ना नवरा, अन् साहेबाच्या परीक्षेत माहं नाव अशा जागी!” मग ती भावाकडे वळली. “रूपला, तुले अर्धा कोयताच पाह्यजे न? मी येते.”

“येडी झाली का तू? तुहा खुबा?”

“माहा खुबा मी पाहीन. पंचवीस वर्सं तोडला ऊस, हात काय इसरले का? संगीता घरी राह्यन, पोरगी परीक्षेले बसन.”

रूपलानं डोकं धरलं. नायकाकडे पाहिलं, नायकानं हात उडवले, घरचा मामला. मग त्यानं पोरीकडे पाहिलं. “तूच सांग सुकेशनी. कोनाले नेऊ? तुले का आत्याले?”

सगळा तांडा बघत होता. एक वाक्य बोलायचं होतं, बस. ‘आत्या, मी खोटं सांगितलं.’ बोलली असती तर आत्या खाली बसली असती, कोयता हिच्या हातात आला असता, आणि गोष्ट तिथंच मिटली असती. अगं पोरी, बोलायला काय झालं होतं तुला? पण डिसेंबर महिन्याभरावर आला होता. सात वर्षं सकाळची बस धरली होती. ती वही छातीशी घट्ट धरून उभी राहिली आणि बोललीच नाही.

“बरं,” रूपला म्हणाला.

ट्रक आला त्या सकाळी तिनं एकदा प्रयत्न केला, नाही असं नाही. नानीबाई पातेल्यात पातेलं घालून फडक्यात बांधत होती. “आत्या, एक सांगाचं होतं तुले.”

“मालूम हाय मले.”

सुकेशनी दाराची चौकट धरून उभी राहिली.

“टाइमावर जेव म्हनशीन, मोळी उचलू नोको म्हनशीन,” नानीबाई गाठ मारत म्हणाली. “तू तुहा अभ्यास कर. अन् माह्या नावाचं आलं पेपरात, तर पयले मले फोन करजो.” दोघांनी बखोटं धरून तिला ट्रकवर चढवलं. पाय वर घेताना ती ओठ चावत होती, आणि वर पोचताच हसली.

मग एक महिना सुकेशनी वही घेऊन बसली. पण पानोपानी निळ्या रेघा. लखीराम कुठं, धनराज कुठं, रेघांखाली कुणी ओळखू येईना. जीपशेजारून गेली की धनराज तोंड फिरवी, आणि तिचा अर्थही तोंड फिरवी. एकच ओळ वहीत स्वच्छ उरली होती. ते पान ती भर्रकन उलटून टाकी.

परीक्षा अमरावतीला, कंप्युटरवर. वाक्प्रचार तीन आले. पहिल्या दोन्हींचे अर्थ तिनं अंदाजानं दाबले. तिसरा पडद्यावर आला, वन फूट इन द ग्रेव्ह. खाली चार पर्याय. पहिला होता, अतिशय लाडकी व्यक्ती. तिसरा होता, मरणाच्या जवळ असलेली व्यक्ती.

तिला वाटलं कुणीतरी मुद्दाम तिच्यासाठीच मांडलेत. वरच्या कोपऱ्यात सेकंद पळत होते. तिनं माउस पहिल्या पर्यायावर नेला, तिथं क्षणभर थांबली, मग खाली आणला आणि तिसरा दाबला. खरं उत्तर द्यायला तिला शेवटी ती जागा सापडली, जिथं ऐकायला आत्या नव्हती.

बाहेर आल्यावर ती स्टँडवर पाण्याच्या टाकीजवळ बसून राहिली. फोन करायचा नव्हता. पण संध्याकाळी बापाचाच आला. उसाच्या फडाजवळ, पाचटाच्या झोपड्यांपाशी, टोळी नुकतीच परतली असावी. मागं भांड्यांचा आवाज होता, पोरं ओरडत होती, आणि कुणीतरी सारखं खोकत होतं.

“कसा गेला?” रूपलानं विचारलं.

“बरा गेला. आत्या कशी हाय?”

“उठता येत नाही तिले सकाळी. दोघी बाया लागते उभी कराले. मंग लागली का लागली कामाले, आयकत नाही. घे, थे फोन मांगून राह्यली.”

खोकला फोनजवळ आला. “सुकेशनी? आलं का व माह्या नावाचं?”

“आलं आत्या.”

“अन् बरोबर लिवलं तू?”

“बरोबर लिवलं.”

“म्या म्हनलं नव्हतं? सगळ्यायनं आपापले नाव खोडले, आखरीले माहंच कामाले आलं!” ती एवढ्या जोरात हसली की खोकल्याची उबळ आली. ती ओसरेपर्यंत सुकेशनीनं फोन कानाला घट्ट दाबून धरला. सांग आता, आता तरी सांग, ती स्वतःला म्हणत होती. “आत्या, आयक न, थे माह्याकून...”

“थांब थांब. अथी बाया बसल्या हायेत, रोज सांगते मी त्यायले, त्यायले खरं वाटत नाही.” फोन तोंडापासून दूर गेला. आणि मग त्या झोपड्यांमधून, थकलेल्या बायांच्या घोळक्यातून आत्याचा आवाज आला, चढा आणि ताठ, शाळेतल्या पोरीनं फळ्यापुढं उभं राहून म्हणावं तसा.

“आयका व. साहेबाच्या परीक्षेत आलं आज. वन फूट इन द गिरेव. थे मी हाय.”